लाइट फिटिंगचा आहेर

कंपनीनं आम्हाला काढलं तेव्हा ‘काढलं’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं, त्या दिवशी चहाबरोबर चक्क क्रीमची बिस्किटं ठेवली, आणि पुण्याहून आलेल्या एका पोरगेल्या साहेबानं पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं की प्लांट दुसऱ्या राज्यात हलतोय आणि आपण सगळे एका नव्या प्रवासाला निघतोय. आपण म्हणजे आम्ही. तो संध्याकाळी गाडीत बसून पुण्याला निघून गेला. जाताजाता म्हणाला, “याच्याकडे संधी म्हणून बघा.” माझ्या शेजारी भट्टीवरचा एक जुना माणूस बसला होता. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, “ह्याला एकदा भट्टीम्होरं उबा करूया का, संदी म्हणून?” मला हसू आलं. त्या कॅन्टीनमध्ये मी शेवटचा हसलो तो तेव्हा.

मी क्वालिटीला होतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत उमेदीची सगळी वर्षं एकाच शेडमध्ये काढली. समोर आलेल्या गियरला गेज लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. पांढरा शर्ट, खिशाला पेन, गळ्यात ओळखपत्र. मशीनवरची माणसं मला साहेब म्हणायची. फार मोठा साहेब होतो असं नाही, खरा साहेब आला की मीसुद्धा उभा राहायचो. पण कडेगावकडच्या माझ्या सासरवाडीत हा बारीक फरक कुणाला ठाऊक नव्हता. तिथं मी ‘कंपनीतले जावई’ होतो. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही जावयाला असं नाव नव्हतं, आणि बायकोला त्याचा केवढा अभिमान होता हे तिच्या चालण्यात दिसायचं. माहेरच्या स्टँडवर एसटीतून उतरली की ती वेगळीच चालायची.

नोकरी गेल्यावर कराडपासून शिरवळपर्यंत जेवढी गेटं होती तेवढ्यांवर मी बायोडाटा देऊन आलो. प्रत्येक ठिकाणी वॉचमन फार आदरानं बोलला. आत मात्र कुठंच बोलावणं झालं नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही, नुसतं ‘कळवतो’ म्हणतं. मग एका योजनेत, नोकरी गेलेल्यांना फुकट शिकवतात असं कळलं. तिथं मशरूमची शेती होती, मोबाइल दुरुस्ती होती, शिवणकाम होतं आणि इलेक्ट्रिशियन होतं. मशरूम मला आवडत नाही, मोबाइलमधलं बारीक दिसत नाही आणि सुईचं नाक तर त्याहून नाही, म्हणून इलेक्ट्रिशियन. माझी निवड इतक्या उदात्त विचारातून झालेली आहे.

वर्गात सगळी बारावी सुटलेली पोरं. ती मला काका म्हणायची आणि मागच्या बाकावर माझ्यासाठी जागा धरायची. मास्तर फळ्यावर फेज, न्यूट्रल, अर्थिंग काढून दाखवायचे आणि माझ्याकडं बघत, ‘काकांना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं’ असं म्हणायचे. पोरं हसायची, मीही हसल्यासारखं करायचो. घरी येऊन मात्र उशीत तोंड खुपसून पडायचो. कुणी सांगितलं की या वयात नवीन शिकण्यात फार गंमत असते, तर त्याला मी त्या मागच्या बाकावर नेऊन बसवीन.

कोर्स संपल्यावर सांगलीच्या एका ठेकेदाराकडं लागलो. माझ्यापेक्षा वयानं बराच लहान, तोंडात सदा मावा. पहिल्या दिवशी मी सवयीनं खिशाला पेन लावून गेलो. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “काका, आदी त्यो पेन काडा. वाकल्यावर डोळ्यात जाईल.” मग हातात छिन्नी-हातोडा दिला आणि भिंत दाखवली. भिंतीत खाच पाडायची, खाचेत पाइप बसवायचा, पाइपातनं वायर ओढायची. आठवडाभर मला चमचा धरता येईना. सिमेंटची भुकटी नाकात, कानात, भाकरीत. सोमवारी साताऱ्याहून पहिली एसटी धरायची आणि शनिवारी परत यायचं. सांगलीत आम्ही चौघं एका खोलीत राहायचो आणि त्या खोलीत कुणी कुणाला साहेब म्हणत नव्हतं.

सांगलीत नदीकडच्या पेठांमध्ये पूर येऊन गेलेली घरं आहेत. तिथं लोक बोर्ड छातीच्या वर बसवून घेतात, मीटर तर शिडी लावल्याशिवाय दिसत नाही. एका घरातल्या आजींनी पुराचं पाणी कुठवर आलं होतं ती रेघ भिंतीवर रंगानं तशीच ठेवली होती. “ह्येच्या वर लाव बाबा समदं,” त्या म्हणाल्या. मी लावलं. काम संपल्यावर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बटण दाबलं, दिवा लागला, आणि त्या स्टुलावरनंच मला म्हणाल्या, “झ्याक केलंस.” मला खरोखर बरं वाटलं. एवढी वर्षं गियर तपासले, पण झ्याक केलंस असं मला कुणी म्हटलं नव्हतं. रिजेक्ट म्हणणाऱ्याला कोण म्हणणार?

तिथून पुढं मला कामाची गोडी लागली. वायर ओढायला पाइपात स्प्रिंग सारायची, ती भिंतीच्या आत कुठं वळते ते दिसत नाही, हाताला नुसतं कळतं, आणि मग पलीकडच्या खोलीत तिचं टोक बाहेर येतं. तेव्हा मी अजूनही मनातल्या मनात टाळी वाजवतो.

बायकोला मात्र यातलं काही ऐकायचं नसायचं. मी शनिवारी घरी आलो की ती पहिल्यांदा माझे कपडे मोरीत भिजत घालायची, शेजारणीला दिसायच्या आत. एकदा जिन्यात शेजारी भेटले आणि म्हणाले, “सांगलीला बदली झाली म्हणे तुमची. प्रमोशनवर का?” मी वर येऊन बायकोला विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, “मग काय सांगू?” जिन्यातली शेजारीमंडळी काही मला जेवायला घालणार नव्हती, म्हणून मी ते सोडून दिलं.

त्याच सुमारास मेव्हण्यानं बंगला बांधायला काढला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कडेगावच्या त्या बाजूला पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, आणि रस्त्याच्या कडेनं एकामागून एक बंगले उठायला लागले. मेव्हण्याचा त्यातला सगळ्यात मोठा. माझं नवं काम घरच्या चार माणसांना माहीत होतं, बाहेर नाही. त्यानं फोन केला, “दाजी, भाईरचा कशाला बगायचा? तुमीच करा की. घरचं काम हाय.” मला आकाश ठेंगणं झालं. तोवर मी सगळीकडं ठेकेदाराचा माणूस होतो, भिंत फोडणारा. हे पहिलं घर असं होतं की स्लॅबमधल्या पाइपापासून शेवटच्या बटणापर्यंत सगळं मी ठरवणार होतो. ठेकेदाराला सांगून मी कडेगावला गेलो आणि चार महिने तिथल्या अर्धवट भिंतींमध्ये राहिलो.

तिथला गवंडी जत बाजूचा होता. म्हातारा, काटक, बोलण्यात मधूनच कानडी हेल. पहिले काही दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. मालकाचा दाजी म्हटल्यावर चुगलखोर असणार असं त्यानं धरून चाललं असावं. सासूबाई माझं जेवण वेगळ्या ताटात, तूप घालून, झाकून पाठवायच्या. मी ते ताट घेऊन गवंड्याच्या आणि सुताराच्या शेजारी वाळूवर जाऊन बसायला लागलो आणि मधोमध ठेवायला लागलो. तूप संपलं तशी त्यांची भीड मोडली. स्लॅबच्या आदल्या दिवशी सळईच्या जाळीवर मी पाइप अंथरले. एकदा काँक्रीट पडलं की त्या पाइपांना पुन्हा हात लागत नाही. चेमटला तर चेमटला, जन्मभर तसाच. काँक्रीटच्या पाट्या घेऊन माणसं चढायला लागली तसा गवंडी वरून ओरडला, “वायरमनच्या पायपावर पाय दिऊ नगा रं! त्येचं काम हाय त्ये!” मी खाली पाइपाचं तोंड धरून बसलो होतो. त्याच्या तोंडून वायरमन ऐकलं आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. सिमेंट गेलं म्हणून मी शर्टानं डोळे पुसले.

मेव्हणा माणूस वाईट नाही. मजुरी त्यानं चोख दिली. फक्त द्यायची म्हटली की मला गोठ्यामागं बोलवायचा. गावातली चार माणसं बंगला बघायला आली की मी कुठंतरी शिडीवर, केसात भुकटी, हातात हातोडा असा असायचो, आणि मेव्हणा खालून सांगायचा, “आमचं दाजी. देखरेखीला आल्यात, कंपनीतनं रजा काडून.” माणसं मान वर करून माझ्याकडं बघायची. देखरेख करणारा माणूस भिंत का फोडतोय हे कुणी विचारत नव्हतं. एकदा ती मंडळी गेल्यावर गवंडी म्हणाला, “लय रजा दिती की वो तुमची कंपनी.” मी म्हणालो, “आता कायमची दिलीय.” तो हसला आणि विटेवर थापी मारत राहिला.

आमच्याकडं वास्तुशांतीला कारागिरांचा मान असतो. होम झाला, पूजा झाली की पाहुण्यांच्या आहेराआधी घर बांधणाऱ्यांना एकेक करून पुढं बोलावतात. माइकवर सांगतात, गवंडीकाम यांनी केलं, सुतारकाम यांनी केलं. मालक स्वतः उभा राहून कुंकू लावतो, डोक्यावर टोपी घालतो, खांद्यावर टॉवेल टाकतो, हातात नारळ देतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या घराच्या भिंती उचलल्या त्याच्यासमोर त्या दिवशी घराचा मालक वाकतो. आणि मांडवात बसलेला, ज्याला स्वतःचं घर काढायचंय असा प्रत्येक माणूस ते कान देऊन ऐकतो. पुढची कामं तिथंच ठरतात. गवंड्यानं शेजारच्या वस्तीवर आणखी दोन बंगले धरले होते. तो मला म्हणाला होता, “एकदा माइकवर तुमचं नाव आलं की बास. हितली समदी तुमालाच बोलिवत्यात. माज्या दोनी कामावर तर तुमीच.”

म्हणजे मला त्या घरातून हवं होतं ते एवढंच होतं. एक टॉवेल, एक टोपी आणि माइकवर ‘लाइट फिटिंग’ या दोन शब्दांपुढं माझं नाव. कंपनीनं जाताना जे काढून घेतलं होतं ते मला तिथं चारचौघात परत मिळणार होतं, निदान मी तसं समजत होतो.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी बायकोनं बॅगेतनं माझा लग्नकार्यातला सफारी काढला. मी चेष्टेत म्हणालो, “टोपी घालून घ्यायचीय आज. सफारीवर शोभंल का?” ती इस्त्री बघत होती ती थांबली. म्हणाली, “आवं, आज तुमी पाव्हण्यांत बसा. एवढं ऐका माझं.”

“पाहुण्यांतच बसतो. नाव घेतलं की उठीन.”

“नाव घ्यायचे न्हाईत.”

मग तिनं सांगितलं. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भावकीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की जावई अजून कंपनीतच आहेत, आता सांगलीच्या ऑफिसला असतात. तेही तिनंच वडिलांना तसं सांगायला सांगितलं होतं. बंगल्याचं काम मी हौस म्हणून बघत होतो. “माझ्या बरोबरीच्या सगळ्या येणार हायत आज,” ती म्हणाली. “त्यांच्यासमोर गवंड्याच्या रांगेत उभं राहणार का तुमी?” मी म्हणालो, “गवंड्याच्या रांगेत काय वाईट आहे?” ती म्हणाली, “वाईट काय न्हाई. पण मी त्या रांगेतल्या माणसाला दिलेली न्हवते.”

हे वाक्य मला लागलं. अजून लागतं. ती रागानं बोलली असती तर मी सोडून दिलं असतं, पण ती अगदी साध्या आवाजात, परत इस्त्री बघत बोलली. मी सफारी घातला.

मांडवात गेल्याबरोबर मला फेटा बांधला. गुलाबी, जरीच्या काठाचा. गावात फेटा बांधणारा एक खास माणूस आहे, त्यानं एवढा आवळला की कपाळ ठणकायला लागलं. पुढच्या ओळीत गादीच्या खुर्चीवर बसवलं. बंगला आतून लखलखत होता. माझ्या शेजारी मेव्हण्याचे व्याही बसले होते, ते वर झुंबराकडं बघत म्हणाले, “लाइटिंग एक नंबर केलंय. कुणी केलं?” माझं तोंड उघडलं होतं. मागून मेव्हण्याचा आवाज आला, “साताऱ्याची पार्टी हाय.” व्याही म्हणाले, “नंबर द्या की. आमचंबी वर्साच्या आत काडायचंय.” मेव्हणा म्हणाला, “देतो की.” मी पार्टीसारखा शेजारी बसून होतो.

पूजा झाली. गावातल्या शाळेतले एक मास्तर माइकवर होते. त्यांनी कारागिरांचा मान पुकारला. आधी गवंडी. म्हातारा धुवट धोतर नेसून आला होता, दाढी करून. मेव्हण्यानं कुंकू लावलं, टोपी घातली, टॉवेल टाकला. म्हाताऱ्यानं नारळ कपाळाला लावला. मग सुतार. मग फरशीवाला, मग नळवाला. ते चौघं ओळीनं उभे राहिले. ताटात एक टॉवेल, एक टोपी आणि एक नारळ उरला. मास्तर म्हणाले, “आणि लाइट फिटिंग...” आणि थांबले. मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हण्यानं मान हलवली. मास्तर म्हणाले, “लाइट फिटिंगवाले साताऱ्याचे कारागीर काही अडचणीमुळं येऊ शकले नाहीत. त्यांचा मान त्यांना पोहोच केला जाईल.”

पोहोच केला जाईल. मी तिथून हाताच्या अंतरावर बसलो होतो.

मी उठलो. मी शूर माणूस नाही, एवढ्या वर्षांत कंपनीत एकदाही आवाज चढवलेला नाही. पण त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. फेट्यावर टोपी बसत नाही, म्हणून मी आधी फेटा काढला. आमच्याकडं बांधलेला फेटा मांडवात असा काढत नाहीत, तो यजमानाचा अपमान होतो. मला ते माहीत होतं. फेटा खुर्चीवर ठेवला आणि जाऊन नळवाल्याच्या शेजारी उभा राहिलो. गवंडी ओळीच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यानं वाकून माझ्याकडं बघितलं आणि एक पाऊल सरकून सगळ्यांना सरकवलं, मला जागा व्हावी म्हणून.

“लाइट फिटिंग मी केलंय,” मी म्हणालो. माइक नव्हता, पण मांडव गप्प झाल्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

मेव्हण्याचं तोंड उतरलं. “दाजी, बसा,” तो दातातल्या दातात म्हणाला. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. तेवढ्यात सासरे उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अशा वेळी डोकं विजेसारखं चालतं. ते मोठ्यानं हसले. “आमचं जावई लय गमत्या! कारागिरांस्नी जोडी पायजे म्हणून हुबं ऱ्हायल्यात!” त्यांनी स्वतः ताटातली टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली, तिरकी. मास्तरांनी माइकवर साथ दिली, “जावईबापूंचा गमतीचा मान, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!” आणि झाल्या. सगळा मांडव हसला. सुटल्यासारखा हसला. पोरांनी मोबाइल वर धरले. मेव्हणा खुर्चीवरचा फेटा घेऊन धावत आला आणि त्यानं तो माझ्या टोपीवरच दाबून बसवला. परत हशा.

मी बायकोकडं बघितलं. ती तिच्या मैत्रिणींच्या मधोमध उभी होती आणि तोंडाला पदर लावून सगळ्यांत जास्त हसत होती. डोळे मात्र माझ्यावर रोखलेले होते, आणि त्या डोळ्यांत हसण्याचा मागमूस नव्हता. मला तिचा भयंकर राग आला. सासऱ्यांचा आला नाही, त्यांनी लेकीची अब्रू वाचवली. मी खरं बोललो होतो. माणूस खरं बोलतो तेव्हा लोक एकतर ऐकतात नाहीतर मारतात अशी माझी समजूत होती. हसतील असं वाटलं नव्हतं.

पण त्याहून वाईट गोष्ट मला जरा उशिरा दिसली. ते चौघं अजून ओळीत उभेच होते. आत्ता दोन मिनिटांपूर्वी त्यांच्या डोक्यावर घातलेली तीच टोपी माझ्या डोक्यावर तिरकी बसली होती आणि तिच्यावर सगळा गाव हसत होता. लोक माझ्या टोपीला हसत होते, पण टोप्या तर सगळ्या एकाच गठ्ठ्यातल्या होत्या. नळवाला ओशाळून हसत होता. सुतार खाली बघत होता. गवंड्यानं डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी घातली, टॉवेलात गुंडाळली आणि नारळ काखेत धरून मांडवाच्या बाहेर गेला. त्याच्या नावाची पहिली पंगत होती. तो जेवायला थांबला नाही.

मी थांबलो. पाहुण्यांच्या पंगतीला बसलो. बायको वाढायला आली आणि वाकून हळूच म्हणाली, “बरं झालं, गमतीवारी गेलं.” मी मान हलवली. जिलेबी दोनदा घेतली.

पुढं काही आठवडे माझा फोन काही वाजला नाही. व्याह्यांना मेव्हण्यानं कुणाचा नंबर दिला ते मी विचारलं नाही. मग एका सकाळी मी हत्यारांची पिशवी घेतली आणि एसटीनं कडेगावकडं गेलो, गवंड्यानं धरलेल्या त्या दोनांतल्या एका बंगल्यावर. बायकोला कुठं जातोय ते सांगितलं. स्लॅबची तयारी चाललेली, सळया बांधून झालेल्या. जाळीवर पाइप अंथरलेले होते. कुणाचे ते मी ओळखलं नाही, पण वळणावर वाकवले चांगले होते.

म्हातारा वर परांचीवर होता. मी खालून हाक मारली. म्हणालो, “तुमच्या दोन्ही कामांवर मीच, असं तुम्ही म्हणाला होतात.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. त्याच्या तोंडावर राग असता तर मी बोलायला काही शोधलं असतं. राग नव्हता. लांबच्या सोयऱ्याकडं बघावं तसा तो अदबीनं बघत होता.

“तुमी पाव्हणं मानूस,” तो म्हणाला. “आमी वायरमन बगितला.”

मग तो मागं वळून ओरडला, “आरं, पाव्हणं आल्यात. खुर्ची आना!” त्या जागेवर सगळे विटांवर, वाळूवर, सिमेंटच्या पोत्यांवर बसलेले होते. खुर्ची नव्हतीच, कुणीतरी मालकाच्या घरातनं पळत जाऊन आणली. सावलीत ठेवली, तिच्यावरची धूळ झटकली, आणि सगळे कामाला लागले. पिशवी पायाशी ठेवून मी खुर्चीवर बसलो.